निवृत्तिवेतनाचा संप आणि बेटावरची माणसे

२०१५ च्या जून महिन्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील बेटांवर घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता: शुक्रवारी बोट सुटणार की नाही? या बेटांना मुख्य भूमीशी जोडणाऱ्या कॅलेडोनियन मॅकब्रेन या सरकारी मालकीच्या कंपनीतील फेरीबोट कामगारांनी संपाच्या बाजूने कौल दिला होता. नोकरीची शाश्वती, सेवाशर्ती आणि निवृत्तिवेतन या तीन गोष्टींची लेखी हमी त्यांना हवी होती. संपाचा दिवस ठरला २६ जून. उत्तरेकडील छोट्या उन्हाळ्याचा तो ऐन मोसम. शाळांच्या सुट्ट्या सुरू होत होत्या आणि वर्षभराची कमाई ज्या दहा-बारा आठवड्यांत करायची ते आठवडे नुकतेच उजाडले होते.

फेरीबोट कामगारांचा संप ही परदेशातील एक किरकोळ बातमी म्हणून सोडून देता आली असती. परंतु सार्वजनिक सेवेतील श्रमिक जेव्हा स्वतःच्या म्हातारपणासाठी काम थांबवतो आणि त्याचा पहिला फटका कष्टकरी शेजाऱ्यालाच बसतो, तेव्हा न्याय कोणत्या बाजूला असतो, हा प्रश्न स्कॉटलंडपुरता नाही. मार्च २०२३ मध्ये तो महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात उभा राहिला होता. म्हणून ही हकीकत मुळापासून समजून घेणे कार्यकर्त्यांच्या उपयोगाचे आहे.

बोट म्हणजे काय?

हेब्रिडीज बेटांवर राहणाऱ्यांच्या जीवनात बोटीचे स्थान काय आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. ल्युइस, हॅरिस, उइस्ट, बॅरा, टायरी, आयला, मल, अरन अशी लहानमोठी वीसहून अधिक बेटे या कंपनीच्या बोटींवर अवलंबून आहेत. अलापूल बंदरातून स्टॉर्नोवेला जायला अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, तर ओबनहून बॅराला पोहोचायला पावणेपाच तासांच्या आसपास. दुकानातील दूध, पाव आणि भाजी बोटीने येते. बेटावरचे गुरेमेंढरे ओबनच्या बाजारात विकायला बोटीने जातात. आयलाच्या भट्ट्यांतील मद्याचे मालमोटार भरभरून होणारे चलनवलन बोटीवरून होते. किनाऱ्यावर पकडलेले शेवंड आणि कोळंबी जिवंत स्थितीत फ्रान्स-स्पेनच्या बाजारात पोहोचवायची, तर तिचा पहिला टप्पा बोटीचाच असतो. एक दिवस उशीर झाला की त्या मालाची किंमत शून्यावर येऊ शकते. आणीबाणीच्या रुग्णाला विमानाने नेता येते. परंतु ग्लासगोच्या इस्पितळात अनेक आठवड्यांनी तारीख मिळालेल्या रुग्णाची बोट चुकली, तर त्याची तारीखही चुकते.

मुंबई-गोवा आगबोट ज्यांनी पाहिली आहे, पावसाळ्यात ती बंद झाल्यावर कोकणातल्या बंदरांवर कशी अवकळा पसरे हे ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कोकणाला पुढे सडक मिळाली, रेल्वे मिळाली. हेब्रिडीजच्या बहुतेक बेटांना यातले काहीच मिळण्यासारखे नाही. तेथे समुद्र हाच रस्ता आहे. ही गोष्ट स्कॉटलंडच्या सरकारनेही तत्त्वतः मान्य केलेली आहे. तितक्याच अंतराच्या रस्त्यावर मोटार चालवायला जो खर्च येईल त्याच्याशी बोटीचे भाडे जोडायचे, असे धोरण २००८ मध्ये काही मार्गांवर प्रायोगिकरीत्या सुरू झाले आणि २०१५ अखेरपर्यंत ते या सर्व बेटांना लागू झाले. समुद्राला रस्ता मानले की त्या रस्त्यावर काम करणारा माणूस हा समाजाचा सेवक ठरतो. वादाची सुरुवात नेमकी येथून होते.

स्पर्धा कशाची?

कॅलेडोनियन मॅकब्रेन ही कंपनी १९७३ साली दोन जुन्या आगबोट कंपन्यांच्या विलीनीकरणातून आजच्या रूपात आली. ती सरकारची, तिची तूट सरकारने भरून काढायची, हे सर्वांनी गृहीत धरले होते. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने देशांतर्गत सागरी वाहतुकीविषयी एक नियम केला. सरकारी अनुदान घेणाऱ्या अशा सेवांच्या कंत्राटात कोणत्याही वाहतूकदाराबाबत भेदभाव करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याचा अर्थ या मार्गांसाठी निविदा मागवल्याच पाहिजेत असा लावण्यात आला. हा अर्थ सर्वांना मान्य नव्हता. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. स्कॉटिश संसदेने डिसेंबर २००४ मध्ये सरकारचा निविदेचा बेत फेटाळलाही होता. परंतु पुढच्याच वर्षी तो मान्य झाला. २००६ मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्यात आले. बोटी आणि अनेक धक्के एका सरकारी कंपनीकडे राहिले आणि बोटी चालवण्याचे काम दुसऱ्या सरकारी कंपनीकडे गेले. हे चालवण्याचे काम ठरावीक मुदतीने लिलावात निघणार, अशी व्यवस्था झाली. २०१५ चा संप अशाच एका निविदेच्या तोंडावर आलेला होता. एका बाजूला जुनी सरकारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला सर्को ही खाजगी कंपनी, असा तो सामना होता. ऑर्कने आणि शेटलंड या उत्तरेकडील द्वीपसमूहांचे मार्ग २०१२ पासून सर्कोकडे गेलेलेच होते.

आता अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ही स्पर्धा नेमकी कशाची? बोटी सरकारी कंपनीच्या, त्या जो जिंकेल त्याला भाड्याने मिळणार. प्रवासभाडे सरकारने ठरवलेले. वेळापत्रक आणि मार्गही सरकारने ठरवलेले. इंधनाचा भाव जागतिक बाजारात ठरणारा, तो कोणाच्याच हातचा नाही. मग एका बोलीत आणि दुसऱ्या बोलीत फरक पडायचा तो कोठे? व्यवस्थापनातील कौशल्याने थोडीफार काटकसर होते, हे मान्य करू. परंतु मोठा फरक पाडायचा तर हात घालण्यासारखी एकच बाब शिल्लक राहते, ती म्हणजे श्रमाचा खर्च: माणसे कमी करणे, पाळ्या लांबवणे आणि निवृत्तिवेतनाचा भार टाळणे. ज्या बाजारात श्रमावाचून दुसरे काहीच स्वस्त करता येत नाही, त्या बाजारातील स्पर्धेला कार्यक्षमता हे नाव देणे ही शब्दांची फसवणूक होय.

यातही निवृत्तिवेतन सर्वांत उघड्यावर पडते. ब्रिटनमध्ये एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे उद्योगाचे हस्तांतर झाले, तर कामगारांचे वेतन व सेवाशर्ती यांना संरक्षण देणारा कायदा आहे. परंतु मालकाने चालवलेल्या निवृत्तिवेतन योजनेतील हक्क या संरक्षणातून मोठ्या प्रमाणावर वगळलेले आहेत. तेथे मिळणारी किमान हमी मूळ योजनेच्या जवळपासही जात नाही. याचा अर्थ असा की, बोटीचा चालक बदलला तर खलाशाचा उद्याचा पगार तोच राहील, पण वीस वर्षांनंतरचे त्याचे जीवन बदललेले असेल. हे समजल्यावर कामगारांनी पगारवाढीपेक्षा निवृत्तिवेतनाचा आग्रह का धरला, याचे नवल वाटू नये.

ही भीती काल्पनिक नव्हती, हे पुढे दुसऱ्या एका कंपनीने दाखवून दिले. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ या दुबईच्या मालकीच्या फेरी कंपनीने सुमारे आठशे सागरी कामगारांना एका ध्वनिचित्रफितीद्वारे एका दिवसात कामावरून काढले आणि त्यांच्या जागी दलालांमार्फत स्वस्त मजूर आणले. संघटनांशी आधी विचारविनिमय करण्याचे कायद्याचे बंधन जाणूनबुजून मोडले, ही कबुली कंपनीच्या प्रमुखाने संसदीय समितीपुढे दिली. हे पाहिल्यावर २०१५ मधील खलाशांना आततायी ठरवणे कठीण जाते.

निवृत्तिवेतन: दान की वेतन?

निवृत्तिवेतनाविषयी सुशिक्षितांच्याही मनात एक गैरसमज घर करून असतो. काम संपल्यानंतर, मालकाच्या कृपेने, फुकट मिळणारे पैसे म्हणजे पेन्शन, अशी ही समजूत. वस्तुतः निवृत्तिवेतन हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे. कामगार आज केलेल्या कामाचा काही मोबदला आज घेत नाही. तो म्हातारपणी घेईन या वचनावर तो मालकाकडे ठेवतो. अनेकदा चांगल्या निवृत्तिवेतनाच्या भरवशावर तो आज कमी पगार पत्करतो. हे वचन मध्येच मोडणे म्हणजे केलेल्या कामाची मजुरी बुडवणे होय. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या डिसेंबरमध्ये नकारा खटल्यात हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवरचे दान नसून तो हक्क आहे, असे सांगताना न्यायालयाने राज्यघटनेच्या सरनाम्यातील समाजवादी या शब्दाचाही आधार घेतला होता.

"पण निधीत तूट आहे, पैसे आणायचे कोठून?" हा प्रश्न मग पुढे केला जातो. तूट या शब्दाचा धाक फार मोठा असतो, म्हणून ती कशी मोजतात हे कार्यकर्त्याला ठाऊक असावे. वीस वर्षांनी १,००० पौंड द्यायचे आहेत असे समजा. व्याजाचा दर शेकडा ५ धरला, तर त्यासाठी आज ३७७ पौंड बाजूला ठेवणे पुरते. दर शेकडा २ धरला, तर ६७३ पौंड ठेवावे लागतात. देणे तेच, माणूस तोच, काम तेच. केवळ गणितातील दर बदलला आणि ओझे जवळजवळ पावणेदोन पट झाले. २००८ च्या वित्तीय अरिष्टानंतर व्याजदर कोसळले आणि ब्रिटनमधील असंख्य निवृत्तिवेतन निधी कागदावर तुटीत गेले. त्या काळात एकाही खलाशाने एक पाळी कमी केलेली नव्हती. अरिष्ट ओढवले पेढ्यांच्या सट्टेबाजीने आणि त्याची वसुली निघाली खलाशाच्या म्हातारपणातून.

या तुटीवर मालकवर्गाने शोधलेला तोडगा सर्वत्र सारखाच आहे. किती निवृत्तिवेतन मिळेल याची हमी देणारी योजना बंद करायची आणि दरमहा किती वर्गणी भरू एवढेच सांगणारी योजना आणायची. वर्गणीचे पैसे बाजारात जातात. बाजार चढला तर ठीक, पडला तर म्हाताऱ्याचे नशीब. पूर्वी जी जोखीम हजारो माणसांच्या सामूहिक निधीने आणि मालकाने मिळून उचललेली होती, ती आता प्रत्येकाने एकट्याने उचलायची. जोखीम नाहीशी होत नाही. सर्वांत दुबळ्या खांद्यावर ती सरकवली जाते, इतकेच.

बेटवासीयांची तक्रार

येथपर्यंत कामगारांची बाजू भक्कम आहे. परंतु दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने ऐकली नाही, तर विवेचन अपुरे राहील. कारखान्यातील संपात मालकाचा नफा थांबतो. अनुदानावर चालणाऱ्या बोटीच्या संपात मालकाचे, म्हणजे सरकारचे, तात्काळ आर्थिक नुकसान फारसे होत नाही. नुकसान होते ते बेटावरच्या खाणावळवाल्याचे, मच्छीमाराचे, मेंढपाळाचे, इस्पितळाची तारीख गाठू पाहणाऱ्या वृद्धेचे. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. संप हे हत्यार येथे मालकावर उगारले जाते, पण लागते ते शेजाऱ्याला. संपाचे समर्थन करणाऱ्यांनी हे सत्य झाकून ठेवू नये.

याहून अवघड गोष्ट आणखी एक आहे. या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांना तशा प्रकारचे निवृत्तिवेतन मुळी नाहीच. खंडाच्या तुकड्यावर मेंढ्या पाळणारा, स्वतःच्या होडीवर शेवंड धरणारा, उन्हाळ्यापुरती खाणावळीत भांडी घासणारी मुलगी, यांच्या म्हातारपणाची हमी कोणत्याही कंपनीने दिलेली नाही. सरकारी निवृत्तिवेतन मिळते, पण ते तुटपुंजे. अशा माणसाने विचारले की, "ज्याला माझ्यापेक्षा चांगले म्हातारपण लाभणार आहे, त्याच्यासाठी मी माझा हंगाम का बुडवू?", तर त्याला प्रतिगामी म्हणून हिणवणे हा उद्धटपणा होईल. तो प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग असा की, बेटावर कामगार आणि जनता हे दोन वेगळे वर्ग नाहीत. मोठ्या बोटींवरचे अनेक खलाशी बेटांवरचेच रहिवासी आहेत. दोन आठवडे बोटीवर आणि दोन आठवडे घरी, अशा पाळ्यांमुळे ते गावातच घर करून राहू शकतात, मेंढ्याही पाळू शकतात. बारमाही, नियमित पगाराच्या नोकऱ्या अशा ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोटीवरची नोकरी त्यांपैकी एक. निवृत्त खलाशाचे निवृत्तिवेतन गावच्याच दुकानात, गावच्याच सुताराकडे खर्च होते, आणि तेही बाराही महिने, पर्यटक नसतात त्या काळोख्या हिवाळ्यातसुद्धा. ते कापले गेले, तर वाचलेला पैसा निविदा जिंकणाऱ्या कंपनीच्या भागधारकाकडे किंवा राजधानीच्या तिजोरीत जाईल. बेटावर तो राहणार नाही. तरुण माणसे बेट सोडून जातात ही या प्रदेशाची जुनी जखम आहे. चांगली नोकरी वाईट करून ती जखम भरत नाही.

दुसरा भाग असा की, बेटाचे अधिक मोठे नुकसान कशाने होते, हे प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. संपाने एक दिवस बोटी थांबल्या, त्याची बातमी झाली. परंतु २०११ मध्ये गूरॉक-डुनून मार्गावर निविदेनंतर मोटारी वाहून नेणारी बोट जाऊन फक्त प्रवाशांसाठीच्या छोट्या बोटी आल्या आणि जरा हवा बिघडली की फेऱ्या रद्द होऊ लागल्या. तो त्रास प्रवाशांनी वर्षानुवर्षे सोसला. २०१५ साली मागवलेल्या दोन मोठ्या बोटींपैकी पहिली प्रत्यक्ष प्रवाशांच्या सेवेत यायला जानेवारी २०२५ उजाडले. दरम्यान जुन्या बोटी मोडत राहिल्या. जून २०२३ मध्ये दक्षिण उइस्टची बोट जवळजवळ महिनाभर दुसरीकडे वळवण्यात आली, तेव्हा लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर शेकडो बेटवासी आपापली वाहने घेऊन निषेधासाठी जमले. त्या महिन्याभरात एकही खलाशी संपावर नव्हता. संपाच्या एका दिवसाचा हिशेब पै-पैने मांडणाऱ्यांनी हा हिशेबही मांडायला हवा होता.

संपाने काय साधले?

२६ जून २०१५ रोजी चोवीस तासांचा संप झाला आणि बहुतेक मार्गांवरील बोटी धक्क्याला राहिल्या. पुढचा संप वाटाघाटींसाठी स्थगित झाला. निवृत्तिवेतन आणि सेवाशर्ती यांना निविदेतच संरक्षण देण्याची भूमिका सरकारला घ्यावी लागली. मे २०१६ मध्ये आठ वर्षांचे कंत्राट जुन्याच सरकारी कंपनीला मिळत असल्याचे जाहीर झाले. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. ज्या नियमाच्या नावाखाली हे सारे झाले तो जुन्या स्वरूपात उरला नाही आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासूनचे नवे कंत्राट निविदेशिवाय थेट याच सरकारी कंपनीला देण्यात आले. ज्या निविदेला अटळ म्हटले जात होते, ती दोन दशकांनंतर अनावश्यक ठरली. हे सारे त्या एका दिवसाच्या संपाने घडवले असा दावा कोणी करू नये. परंतु कामगारांनी त्या वेळी मान खाली घातली असती, तर निवृत्तिवेतन हा वाटाघाटीचा विषयच राहिला नसता, हे निश्चित.

संप एका दिवसाचा होता, हेही महत्त्वाचे आहे. आधी पुरेशी सूचना, ठरावीक मुदत आणि नंतर बोलणी, या क्रमामुळे बेटवासीयांची गैरसोय झाली, पण त्यांचा संसार मोडला नाही. हत्यार जेवढे धारदार, तेवढा ते वापरणाऱ्याचा हात सावध असावा लागतो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांसाठी

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लाखो सरकारी व निमसरकारी कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" या घोषणेसह संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी, हमीची योजना नाकारण्यात आली होती. त्यांच्या वाट्याला आली ती बाजारावर अवलंबून असलेली वर्गणीची योजना. मागणी न्याय्य होती. परंतु त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट यांनी गहू, द्राक्षे, कांदा झोडपून काढला आणि पंचनाम्यासाठी तलाठी जागेवर नव्हता. ज्याला कधीच कोणते निवृत्तिवेतन मिळणार नाही तो शेतकरी, आणि जो आपल्या निवृत्तिवेतनासाठी लढतो तो कर्मचारी, अशी दोन कष्टकरी माणसे समोरासमोर उभी राहिली. सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार? १४ मार्चला सुरू झालेला संप २० मार्चला आश्वासनावर मिटला. पण गावात कर्मचाऱ्यांविषयी जी कटुता उरली, ती आश्वासनाने मिटली नाही.

त्यानंतर केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून हमीचा काही अंश परत आणणारी एकीकृत योजना लागू केली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, असे तिचे स्वरूप आहे. हमी देणे परवडत नाही असे वीस वर्षे सांगणाऱ्यांना शेवटी हमीकडे वळावे लागले, ही चळवळीचीच कमाई होय. परंतु ती कमाई सरकारी नोकरांच्या दाराशी थांबली आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील कामगारांसाठी २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १,००० रुपये. गरीब वृद्धांच्या राष्ट्रीय योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा ठरला दरमहा २०० रुपये, आणि वर्षांमागून वर्षे गेली तरी तो तेथेच राहिला. डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन प्रत्येक असंघटित वृद्धाला द्या, अशी मागणी केली. हमाल, मोलकरीण, शेतमजूर, कचरावेचक यांच्या म्हातारपणाची ती मागणी होती. संघटित कर्मचाऱ्यांच्या मोर्चात ती किती वेळा ऐकू आली, हे त्यांच्या नेत्यांनीच स्वतःला विचारावे.

बेटावरच्या मेंढपाळाच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. "माझ्याकडे नाही, तर त्याच्याकडेही नसावे" हे उत्तर मालकाला हवे असते, कारण त्यात दोघेही गमावतात आणि वाचलेला पैसा तिसऱ्याकडे जातो. "त्याच्याकडे आहे, म्हणून मलाही हवे" हे श्रमिकांचे उत्तर आहे. पण ते मेंढपाळाच्या तोंडी येण्यापूर्वी खलाशाच्या तोंडी आले पाहिजे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढील गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यासाठी कोणतीही वर्गणी भरावी लागत नव्हती. त्या कायद्यामागे कामगार संघटनांनी आणि सहकारी मंडळांनी वर्षानुवर्षे चालवलेली मोहीम होती. संघटित कामगाराने स्वतःच्या मजुरीपलीकडे पाहिले, म्हणून ती यशस्वी झाली.

यावरून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पक्क्या केल्या पाहिजेत. सार्वजनिक सेवेतील संपाची नोटीस सरकारला जाते, त्या दिवशीच ती गावालाही गेली पाहिजे, आणि तीही गावच्या भाषेत, सभेत, चावडीवर. रुग्ण, औषधे, नासका माल, पंचनामा अशा बाबी संपातून वगळण्याचा निर्णय संघटनेने स्वतः, आधी आणि जाहीरपणे घ्यावा. न्यायालयाने किंवा वर्तमानपत्रांनी तो घ्यायला लावण्याची वाट पाहू नये. निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक मागणीपत्रात सर्व वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे कलम असावे, आणि ते शोभेपुरते नसावे. वाटाघाटीत त्याच्यासाठी काही सोडण्याची तयारीही असावी. सेवा बिघडते तेव्हा, म्हणजे बोट नाही, एस.टी. नाही, तलाठ्याची जागा रिकामी आहे अशा वेळी, प्रवाशांच्या आणि शेतकऱ्यांच्या निषेधात कर्मचारी संघटनेने सर्वांत पुढे उभे राहावे. लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर जमलेल्या माणसांशेजारी जो खलाशी उभा राहील, त्याच्या संपाच्या दिवशी ती माणसे त्याच्या शेजारी उभी राहण्याची शक्यता असते. बाकी कोणत्याही मार्गाने ती निर्माण होत नाही.

संप पुन्हा होतील. बोटींवर होतील, एस.टी. आगारांत होतील, कचेऱ्यांत होतील, कारण म्हातारपण बाजाराच्या हवाली करण्याचा आग्रह अद्याप कोणी सोडलेला नाही. पुढचा संप जवळ येईल तेव्हा निम्मे काम नोटिशीपूर्वीच झालेले असले पाहिजे. ज्या गावाची बोट थांबणार आहे, त्या गावातील निवृत्तिवेतन नसलेल्या प्रत्येक वृद्धाची यादी संघटनेच्या दप्तरात असली पाहिजे. ती यादी करायला बसणे हे जिल्ह्याजिल्ह्यातील कार्यकर्त्यांना आजच जमण्यासारखे काम आहे.